चौदा इंजिनं आणि एक भिजलेली वही

‘ताई, नमस्कार. वय ५४, राहणार चिंचवड. लहानपण मिरजेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं, वडील पॉइंट्समन होते, म्हणजे सांधे बदलणारे, इंजिन गाडीला जोडणारे. शाळा सुटली की मी स्टेशनच्या पुलावर. येईल त्या डिझेल इंजिनाचा नंबर वहीत लिहून ठेवायचा, हा नाद सहावीपासून दहावीपर्यंत. ती वही २०१९च्या पुरात भिजली, पण निम्मी पानं अजून वाचता येतात. गेल्या सहा वर्षांत मी डिझेल इंजिनांची चौदा मॉडेलं घेतली. जर्मन व्ही २००, ब्रिटिश डेल्टिक, अमेरिकन एफ ७ अशी. बहुतेक खोक्यातच आहेत, कपाटाच्या वरच्या खणात. बायकोला त्यातली पाच-सहाच माहीत होती. मागच्या महिन्यात कुरिअरचं बिल तिच्या हाती लागलं, तेव्हापासून घरात अबोला आहे. मुलगी म्हणते, बाबा, या वयात खेळणी? खरं सांगायचं तर खोकं उघडल्यावर मलाही पहिल्यासारखं काही वाटत नाही. तरी रात्री फोनवर पुढचं मॉडेल शोधतच असतो. हा छंद सोडून देऊ का? सगळी विकून टाकू?’

प्रिय मिरजकर,

छंद सोडू नका. विकायची तर थोडी विका, सगळी नको. कुठली ते पुढे सांगते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण मी दौंडची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची दिशा दौंडला बदलायची. पुण्याहून गाडी ओढत आलेलं इंजिन सुटायचं, शेजारच्या रुळावरून सगळी गाडी ओलांडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि पुन्हा जोडलं जायचं. प्रवासी तेवढ्यात चहा घ्यायचे. आम्ही भावंडं मात्र इंजिनाबरोबर प्लॅटफॉर्मवरून चालत जायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जवळून जाताना पोटात जी धडधड व्हायची ती मला अजून आठवते. म्हणून तुमच्या मुलीच्या ‘खेळणी’ या शब्दाचा मला राग आला नाही, पण तो मला पटलाही नाही. तिनं ती धडधड अनुभवलेली नाही, इतकंच.

आता तुमच्या दुखण्याकडे येते. तुमच्या पत्रात दोन याद्या आहेत. एक कपाटातली, एक वहीतली. कपाटातल्या चौदा इंजिनांपैकी एकही मिरज स्टेशनात कधी आलेलं नाही. व्ही २०० जर्मनीच्या रुळांवर धावलं. डेल्टिक लंडनहून एडिंबरोकडे जाणाऱ्या गाड्यांचं. सुंदर यंत्रं आहेत, मान्य. पण खोकं उघडल्यावर काही वाटत नाही असं तुम्ही लिहिता, त्याचं कारण मला हेच दिसतं. त्या इंजिनांची वाट पाहत तुम्ही कधी पुलावर उभे राहिला नव्हता. मॉडेल तिकडचं मिळत गेलं म्हणून घेत गेलात, आणि जे हवं होतं ते सापडेना म्हणून शोध थांबेना.

डेल्टिकवरून आठवलं. ती इंजिनं एकूण २२ होती. त्यामुळे तिकडच्या एखाद्या मुलाला चिकाटीनं उभं राहून सगळेच्या सगळे २२ नंबर वहीत पुरे करता यायचे. आपल्याकडचं डब्ल्यूडीएम-टू हे डिझेल इंजिन अडीच हजारांहून जास्त बनलं. ती यादी कुणाकडून कधी पुरी होणार नव्हती आणि आपण पुरी करायलाही उभे नव्हतो. आज काय येतंय, एवढंच बघायचं असायचं. तुमच्या संग्रहालाही पुरं होण्याची घाई नको. त्याला एक कुंपण मात्र हवं, आणि ते तुमच्या वहीनं घालून ठेवलेलं आहे.

ती वही काढा. वाचता येणाऱ्या पानांचे आज दिवसाच्या उजेडात फोटो घ्या, शाई आणखी फिकी व्हायच्या आत. मग आकडे बघा. पाच आकडी आणि १८, १७ किंवा १६नं सुरू होणारे नंबर असतील तर ती बहुधा ब्रॉडगेजची डब्ल्यूडीएम-टू आहेत. आधी १८ची मालिका भरली, मग १७ची, मग १६ची. म्हणजे पहिले दोन आकडे जितके लहान तितकी मालिका नवी, असा हा उलटा हिशेब आहे. चार आकडी आणि ६नं सुरू होणारे नंबर बहुधा मीटरगेजच्या वायडीएम-४ या इंजिनाचे. नंबराचे पहिले दोन आकडे शाबूत असले आणि शेवटचे पुसले असले, तरी बहुधा कुठल्या वाणाचं इंजिन होतं ते कळतं.

तुमचं मिरज तर या बाबतीत भाग्यवानच. एकाच स्टेशनात तीन गेज! पुण्याहून येणारी ब्रॉडगेज, लोंढ्याकडे आणि पुढे गोव्याकडे जाणारी मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. ती मिरजेपर्यंत १९२७ साली आली. मुंबईहून रेल्वेनं गोव्याला निघालेला माणूस मिरजेला सामान उचलून मीटरगेजच्या गाडीत बसायचा. दोन वाणांची डिझेलं एका पुलावरून बघायला मिळालेली मुलं महाराष्ट्रात फार नसतील.

त्या दोन वाणांचं नातंही बघा. दोन्ही अमेरिकेतल्या अल्को कंपनीच्या आराखड्यावरची. डब्ल्यूडीएम-टूमध्ये सोळा सिलिंडरांचं २५१ जातीचं इंजिन, २६०० अश्वशक्तीचं. वायडीएम-४मध्ये त्याच जातीचं सहा सिलिंडरांचं, १४०० अश्वशक्तीच्या आसपासचं. थोरला आणि धाकटा भाऊ म्हणा. अल्कोकडून पहिली डब्ल्यूडीएम-टू १९६२मध्ये आली, आणि १९६४पासून ती वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बनू लागली. खुद्द अल्को कंपनी १९६९मध्ये बंद पडली. तिच्या आराखड्यावरची इंजिनं मात्र आपल्याकडे पुढे तीन दशकांहून जास्त काळ बनतच राहिली. वाराणसीच्या त्या कारखान्याचं नाव २०२०मध्ये बदललं आणि आता तिथे मुख्यतः विजेची इंजिनं बनतात. पुणे-मिरज मार्गावरही तारा आल्या आहेत. सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेस घेऊन येणारं डिझेल इंजिन आता तुम्हाला पुलावर जाऊन दिसणार नाही. म्हणून तुमची वही आणि तुमची मॉडेलं यांना मी इतकं महत्त्व देते आहे.

तर पहिलं मॉडेल वहीतलं डब्ल्यूडीएम-टू असू द्या. आणि त्याच्यावर वहीतलाच नंबर घाला. दुसऱ्या कुठल्या शेडचा, दुसऱ्या कुठल्या मुलानं पाहिलेला नको. वहीत एकाहून जास्त वेळा आलेला नंबर सापडला तर तोच निवडा. पुन्हा पुन्हा येणारं इंजिन मुलाला ओळखीचं वाटू लागतं, अगदी रोजच्या दूधवाल्यासारखं.

हे मॉडेल मिळवणं सोपं नाही. युरोप-अमेरिकेची इंजिनं दुकानात तयार मिळतात, आपलं डब्ल्यूडीएम-टू तसं सहजी मिळत नाही. हौशी मंडळी बहुतेक वेळा एक वाट धरतात: सांगाडा आणि मोटर परदेशी अल्को मॉडेलची, आणि वरचं कवच थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून हातानं कापून घडवलेलं. घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, बोगी, म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट. डब्ल्यूडीएम-टूच्या प्रत्येक बोगीतल्या तीन चाकजोड्या समान अंतरावर नसतात. एका बाजूचं अंतर कमी, दुसऱ्या बाजूचं जास्त. अल्कोच्या आरएसडी मालिकेतल्या सहा आसांच्या इंजिनांनाही अशीच बोगी असते, म्हणून त्यांचा सांगाडा चालतो. सम अंतराच्या बोगीवर बसवलेलं डब्ल्यूडीएम-टू मला तरी परक्याचे बूट घातल्यासारखं दिसतं. दुसरी, लांबी. खरं इंजिन बफरसकट १७.१२ मीटर. एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात ते वीस सेंटिमीटरला जेमतेम तीन-चार मिलिमीटर कमी भरायला हवं. पट्टी घेऊन बसा, विक्रेत्याला मोजून फोटो पाठवायला सांगा, संकोच करू नका.

तिसरी गोष्ट आवाज. आजकालच्या मॉडेलात बोटाच्या पेराएवढा डिकोडर, म्हणजे आवाज सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक चकती, आणि स्पीकर बसतो. पण अल्कोचं इंजिन चार स्ट्रोकचं, आणि नंतर आलेल्या डब्ल्यूडीपी-४, डब्ल्यूडीजी-४ यांचं दोन स्ट्रोकचं. दोघांचा आवाज सनई आणि पिपाणीइतका वेगळा. उभ्या अल्कोची ती थांबत-अडखळत चालणारी धडधड, मग ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की वर चढत जाणारी टर्बोची शीळ, आणि काळ्या धुराचा लोट. तो धूर का यायचा ते मला मोठेपणी कळलं. डिझेल लगेच वाढतं, पण टर्बोचार्जर बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरतो, त्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. तेवढ्या वेळात हवा कमी पडते आणि अर्धवट जळालेलं डिझेल धूर होऊन वर जातं. धूर आधी, ओढ मागून. मॉडेलात अल्को २५१चाच आवाज आहे याची खात्री करून घ्या. डोळे मिटून ऐका. तुमच्या कानाला लगेच कळेल, त्यासाठी माझी गरज नाही.

रुळांबद्दल एक मजेची गोष्ट सांगते, तुमच्या मिरजेच्या कामाची. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिला ८७नं भागलं तर १९ मिलिमीटरच्या थोडं वर जातं. म्हणजे आपलं इंजिन एचओच्या रुळावर जवळपास पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायावर उभं असतं. काही जण यासाठी रूळ स्वतः घालतात. तुम्ही सुरुवातीला तडजोड करा, बिघडत नाही. पण मीटरगेजला ८७नं भागा: साडेअकरा. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. नॅरोगेजचे ७६२ भागा: पावणेनऊ. आणि एन या एचओहून लहान मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे. म्हणजे साडेसोळा, बारा आणि नऊ असे तीन रूळ एका फळीवर शेजारी शेजारी ठोकले की मिरज स्टेशनचा एक तुकडा तुमच्या भिंतीवर उभा राहतो. तीन फूट लांब फळी पुरे. डोंगर, बोगदे, झाडं काही नको. ब्रॉडगेजवर डब्ल्यूडीएम-टू, मीटरगेजवर वायडीएम-४, नॅरोगेजवर आत्ता काही नसलं तरी चालेल, नुसता रूळ असू दे.

पुण्यात तुमच्या हाताशी एक जागा आहे, कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम. भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून ते उभं केलं, १९९८मध्ये लोकांसाठी उघडलं. एका रविवारी जा, आणि एकटे जाऊ नका. बायको आणि मुलगी दोघींना घेऊन जा. तिथे गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिवे लागतात. खोक्यातली वस्तू आणि धावती गाडी यांच्यातला फरक मुलीला समजावून सांगावा लागणार नाही. कधी दिल्लीला जाणं झालं तर राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात अल्कोनं पाठवलेलं १८०४० नंबरचं डब्ल्यूडीएम-टू उभं आहे. पट्टी आणि वही घेऊन जा. रिव्हेटच्या ओळी, जाळ्या, पायऱ्या, सगळ्यांचे फोटो काढा, मॉडेल घडवताना लागतात.

आता चौदा मॉडेलांचं. ती सगळी खाली काढा. एकेक रुळावर ठेवा, बारा व्होल्टचा करंट द्या, पुढे-मागे दहा-दहा मिनिटं चालवा. वर्षानुवर्षं न चाललेल्या इंजिनातलं ग्रीस घट्ट होतं आणि मग एके दिवशी मोटर कण्हते. चाकं काळी दिसली तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. तेल घालायचंच तर प्लॅस्टिकला चालणारं, सुईच्या टोकावर मावेल इतकं. खोक्यात स्पंज असेल तर तो आजच्या आज काढून टाका, इंजिन मऊ कागदात गुंडाळा. हे मी पोळलेल्या हातानं लिहिते आहे. ठाण्याच्या घरी माझं एक आवडतं मॉडेल चार पावसाळे स्पंजात राहिलं. पाचव्या वर्षी उघडलं तर स्पंजाचा चिकट लगदा झालेला आणि त्याच्याबरोबर इंजिनाच्या एका बाजूचा रंग उतरलेला. आता मी काचेच्या कपाटात ठेवते, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, उन्हाची तिरीप येणार नाही अशा भिंतीला. जुनं मॉडेल विकत घ्याल तेव्हा धातूच्या चौकटीला केसासारख्या चिरा नाहीत ना, हे भिंगातून बघा. जस्ताच्या ओतीव कामात शिशाची भेसळ असेल तर ते काही वर्षांनी फुगतं, तडकतं आणि त्याला औषध नाही.

चालवता चालवता तुम्हाला आपोआप कळेल कुठली ठेवायची. जी बघून हात पुन्हा कंट्रोलरकडे जातो ती ठेवा. चार, पाच, जितकी निघतील तितकी. बाकीची, खोकं आणि कागदपत्रं शाबूत असतानाच, दुसऱ्या हौशी माणसाला विका. त्या पैशातून डब्ल्यूडीएम-टू येऊ दे. घरातून नवा रुपया घालू नका.

आणि अबोल्याचं. इथे मी थोडं कडक बोलणार आहे, राग मानू नका. तुमच्या पत्नी इंजिनांवर रागावलेल्या नाहीत. पाच-सहा आणि चौदा यांच्यामध्ये जे आठ-नऊ आकडे तुम्ही गिळलेत, त्यांच्यावर त्या रागावल्या आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. कुणी आपल्या माणसापासून बिल लपवतो तेव्हा समोरच्याला पैशाहून जास्त काहीतरी गेल्यासारखं वाटतं. माझ्या घरीही हे झालेलं आहे, फक्त लपवणारी मी होते. तेव्हा मॉडेल खाली काढाल ते त्यांच्या समोर काढा, रात्री गुपचूप नको. प्रत्येकाची किंमत, कुरिअर, कस्टम्स, सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, त्या विचारायच्या आधी. ‘छंद आहे, सिगारेट तर ओढत नाही ना’ असलं काही बोलू नका. चूक झाली म्हणा आणि गप्प राहा. मग वर्षाला किती खर्च करायचा हा आकडा दोघांनी मिळून ठरवा. रात्रीचं फोनवरचं शोधणं तेवढ्यानं लगेच थांबणार नाही. पण काय शोधायचं नाही हे एकदा ठरलं की बोट पडद्यावर पूर्वीइतकं फिरत नाही, हा माझा अनुभव आहे.

पत्राच्या शेवटी, इथे न छापलेल्या ओळीत, तुम्ही ओझरतं लिहिलंत की वडील ८३ वर्षांचे आहेत, तुमच्याकडेच असतात, हल्ली ऐकायला कमी येतं आणि दिवसभर खिडकीशी बसून असतात. अहो, मग मला का पत्र लिहिता? ज्या इंजिनांचे नंबर तुम्ही पुलावरून टिपलेत, त्यांना गाडीशी जोडणारा माणूस तुमच्या घरात बसला आहे. पॉइंट्समननं इंजिन जितक्या जवळून पाहिलं तितकं कुठल्याही फोटोग्राफरनं पाहिलेलं नाही. फोटो बहुतेक बाजूनं काढलेले असतात. समोरचा भाग, बफरच्या मधली जागा, गाडी जोडायचं कप्लिंग, व्हॅक्यूम ब्रेकचे पाइप, हे सगळं वडिलांच्या हाताखालून गेलेलं आहे. आणि मॉडेल बनवताना नेमकं तेच अडतं. ऐकू कमी येतं तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारा. वहीचं एखादं पान त्यांच्यापुढे धरा. मुलीला शेजारी बसवा, ती फोनवर टिपून घेईल.

कवच आलं की रंग द्यायच्या आधी, नंबर घालायच्या आधी, ते त्यांच्या हातात द्या आणि कुठे काय चुकलंय ते विचारा. मिरजेला महालक्ष्मीच्या इंजिनाचा व्हॅक्यूमचा पाइप कप्लिंगच्या कुठल्या बाजूला लोंबायचा, तेही विचारा. माझ्या दौंडच्या मॉडेलावर मी तो अंदाजानं लावला आहे. त्यांनी काय सांगितलं ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई